जळगावातलं ‘स्ट्रेच गोल’ ट्रेनिंग : दोन दिवस, साडेसहा हजार आणि माझे ५ पैकी ३ स्टार

पहिले सांगून टाकतो, ट्रेनिंगवाल्यांचं नाव लिहिणार नाही आणि आमच्या कंपनीचं तर नाहीच नाही, मला नोकरी करायचीये अजून. पण आजकाल जळगाव, भुसावळ, धुळे सगळीकडे हे टीम टार्गेटचे वर्कशॉप सुरू झालेत, पाच-सहा जण करतात, सगळ्यांचा मसाला साधारण सारखाच, त्यामुळे पैसे भरायच्या आधी वाचून घ्या.

मी एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात प्रॉडक्शनला आहे, एकोणीस वर्षं झाली. गेलं वर्ष आमचं काही खास गेलं नाही, प्लास्टिकच्या दाण्याचे भाव वर, माल पडून, दोन जुने व्यापारी तुटले. तेव्हा शेठच्या कुठल्या मित्राने त्यांना सांगितलं की टीमला मोठं टार्गेट देत नाही तोवर टीम हलत नाही, आणि लगेच आम्हा पाच जणांची नावं गेली. माणशी ६,५०० अधिक जीएसटी म्हणजे ७,६७०, पाच जणांचे ३८,३५०. हा आकडा लक्षात ठेवा, आमचे फोरमन आप्पा पुढे त्यावर बोलणारेत.

अजिंठा चौफुलीच्या पुढे हायवेवर हॉटेल होतं, हॉल एसी. एप्रिलचा शेवट, बाहेर ४४ डिग्री, पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास काढणाऱ्या माणसाला एसीत बसवलं की पहिला अर्धा तास त्याला सगळंच पटतं हे मी स्वतः अनुभवलं. एकूण ३४ जण होते. दाल मिलवाले, बियाणे कंपनीचे दोघं, एका फायनान्सचे वसुलीवाले, चाळीसगावचा एक ट्रॅक्टर शोरूमवाला, रावेरचे केळी पॅकहाउसवाले एक काका, आणि आम्ही. सर पुण्याहून आलेले, वय पस्तीसच्या आसपास, बोलायला एक नंबर, कॉलर माईक लावून हॉलभर फिरत होते. मराठी-हिंदी-इंग्लिश खिचडी पण समजत होतं सगळं. वर्कबुक मात्र गुळगुळीत कागदाचं साठ पानी आणि पूर्ण इंग्लिशमध्ये. आमचे लूम फोरमन आप्पा दहावी, त्यांनी ते दोन दिवस पंख्यासारखं वापरलं, एसी असून.

जेवणाचं पण सांगतो, लोक विचारतातच. पहिल्या दिवशी पनीर बटर मसाला, दाल फ्राय, गुलाबजाम. अरे जळगावात बसलोय आपण, आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ ला जीआय टॅग मिळाला आणि ताटात पनीर! दुसऱ्या दिवशी शेवभाजी आली, तिखट बऱ्यापैकी, पण कळण्याची भाकरी मागितली तर वेटर म्हणे साहेब बटर नान आहे.

आता मुद्द्याचं. स्ट्रेच गोल म्हणजे काय तर असं टार्गेट की जे ठरवताना ते कसं गाठायचं हे कोणालाच माहीत नसतं. दहा टक्के वाढवा म्हटलं की माणूस तेच काम जरा जोरात करतो, पण निम्म्या वेळेत करा म्हटलं की कामाची पद्धतच बदलावी लागते, हा त्यांचा सगळा पाया. सरांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली केनेडीची, २५ मे १९६१ ला त्याने सांगितलं की हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणू, आणि जुलै १९६९ ला माणूस उतरला. ही प्रत्येक वर्कशॉपमध्ये असते, दाल मिलवाल्याने तर ती सरांच्या आधीच पूर्ण केली. दुसरी साउथवेस्ट विमान कंपनीची, १९७२ मध्ये पैशाची तंगी म्हणून चारपैकी एक विमान विकावं लागलं आणि वेळापत्रक तर चार विमानांचंच चालवायचं, मग विमान उतरलं की दहा मिनिटांत परत उडायला तयार झालं पाहिजे असं ठरवलं आणि करून दाखवलं.

तिसरी मला खरी आवडली आणि माझे तीनपैकी दोन स्टार तिचेच समजा. टोयोटाची, १९६९ ची. हजार टनाची प्रेस, तिचा डाय म्हणजे साचा बदलायला चार तास लागायचे, जर्मनीत फोक्सवॅगनवाले तेच काम दोन तासांत करायचे. शिंगो नावाचे इंजिनीअर होते, त्यांनी सहा महिने डोकं लावून वेळ दीड तासावर आणला. सगळे खूश. आणि तेवढ्यात वरून हुकूम आला की आता तीन मिनिटांत करा! दीड तासाचे तीन मिनिट म्हणजे थट्टाच. पण शिंगोंनी विचार असा केला की मशीन बंद असतानाच करावं लागतं असं काम कोणतं आणि मशीन चालू असताना आधीच करून ठेवता येईल असं कोणतं, आणि जितकं म्हणून उचलता येईल तितकं दुसऱ्या ढिगात टाकलं. तीन महिन्यांत तीन मिनिटांवर आले. हे ऐकताना मी आप्पांकडे बघितलं, आप्पांनी वर्कबुकचा वारा घेणं थांबवलं होतं. कारण आमच्याकडे रंग बदलायला सत्तर मिनिटं जातात आणि तो सगळ्यांचा रोजचा शाप आहे, त्यावर पुढे येतो.

दुपारी गेम होता. कागदी ग्लासांचा मनोरा, पाच मिनिटांत जितका उंच होईल तितका. पहिल्या फेरीत सगळ्यांचे मनोरे कमरेच्या खालीच राहिले. मग सर म्हणाले आता टार्गेट सात फूट, आणि जिंकणाऱ्या टीमला पाचशेचं व्हाउचर. झालं, गोंधळ सुरू. फायनान्सवाल्यांनी मनोरा टेबलावर उभा केला, टेबलाखाली खुर्च्या सरकवल्या आणि माप जमिनीपासून घ्यायला लावलं. आम्ही ओरडलो ही चिटिंग आहे. सर हसले, म्हणे हेच तर वेगळं थिंकिंग, नियमात कुठे लिहिलं होतं टेबल चालणार नाही? आणि व्हाउचर त्यांनाच दिलं. तेव्हा मी पण टाळ्या वाजवल्या. महिनाभराने कळलं की आमच्या कारखान्यात नक्की हाच खेळ होणार होता.

दुसऱ्या दिवशी ओकेआर शिकवलं, म्हणजे ध्येय आणि ते गाठल्याचे मोजता येणारे निकाल लिहून ठेवायची पद्धत. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हने ही पद्धत बसवली, तिथे काम केलेल्या जॉन डोअरने १९९९ मध्ये ती गुगलला नेली वगैरे. त्यात एक गोष्ट फार कामाची आहे आणि सरांनी ती दीड मिनिटात उरकली. गुगलवाले दोन प्रकारची टार्गेटं वेगळी ठेवतात. एक ते जे पूर्ण झालंच पाहिजे, गिऱ्हाइकाला कबूल केलेलं. दुसरं उडी मारायचं, त्यात ७० टक्के गाठलं तरी चांगलं मानतात, आणि दर वेळी १०० टक्के व्हायला लागलं तर म्हणतात टार्गेटच छोटं होतं. चाळीसगाववाल्याने लगेच विचारलं, सर मग ७० म्हणजे पास की नापास? सर म्हणाले डिस्टिंक्शन! हॉल हसला. मी हात वर करून विचारलं, मग इन्सेंटिव्ह ७० वर मिळणार का १०० वर? सर म्हणाले तो तुमच्या मॅनेजमेंटचा विषय. आणि पुढची स्लाइड.

इथे माझा एक स्टार गेला. विषय तोच होता हो, बाकी सगळं यूट्यूबवर आहे.

रावेरचे केळीवाले काका दोन दिवस गप्प होते, शेवटच्या प्रश्नोत्तरात उठले. म्हणाले, सर, घडाचं वजन वाढवायचं तर आम्ही खालच्या फण्या काढून टाकतो, आठ-नऊ ठेवतो, सगळ्या ठेवल्या तर एकही भरत नाही. आणि घड भरला की झाडाला टेकू द्यावा लागतो, नाहीतर मे-जूनच्या वादळात आडवं होतं. तुम्ही वजन सांगितलं, कोणत्या फण्या काढू आणि टेकू कोण देणार ते सांगा. सर म्हणाले वा काका, काय सुंदर उदाहरण दिलं, टाळ्या होऊन जाऊ द्या त्यांच्यासाठी. टाळ्या झाल्या. उत्तर राहिलं. काका बसले आणि शेजारच्याला म्हणाले, भो, टाळी वाजवून गेला पण जबाब नही दिला.

मला घरी येताना गाडीत तेच फिरत होतं. केनेडीची गोष्ट सांगतात पण पैशाची सांगत नाहीत. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्रीय बजेटचा चार टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या नासाला जात होता. आमच्याकडे बॉबिनचा एक सेट मागितला तर उत्तर येतं पुढच्या महिन्यात बघू, आणि पुढचा महिना आमच्या एमआयडीसीत तरी अजून उजाडलेला नाही.

आता नंतर काय झालं ते, कारण ट्रेनिंगचा खरा रिव्ह्यू महिन्याभराने लिहावा असं माझं मत आहे, हॉलच्या बाहेर निघता निघता मोबाईलवर जे पाच स्टार देऊन घेतात त्याला काही अर्थ नाही (आमच्याकडून पण घेतले, गेटवर टॅबलेट घेऊन मुलगी उभी होती).

शेठ स्वतः दोन दिवसांत फक्त शेवटच्या तासाला आले होते. त्यांनी त्यातून घेतलं काय, तर मोठं टार्गेट. ७० टक्क्यांचं त्यांनी ऐकलंच नाही किंवा ऐकून सोडून दिलं. सोमवारी ऑफिसबाहेर बोर्ड लागला, महिन्याला ४० टक्के जास्त बंडल डिस्पॅच, गाठलं तर सगळ्या शिफ्टला इन्सेंटिव्ह, एक बंडल कमी पडलं तर शून्य. मशीन तेवढीच, माणसं तेवढीच. आप्पा बोर्डासमोर उभे राहून बराच वेळ वाचत होते, मग म्हणाले, “लूमले बोर्ड वाचता येत नही भो.”

पहिले दहा दिवस खरंच फरक पडला, खोटं नाही बोलणार. पोरं वेळेवर, चहाच्या सुट्ट्या आपोआप छोट्या झाल्या. मग रविवारचं मेंटेनन्स पुढे ढकललं. मग परत ढकललं. तिसऱ्या आठवड्यात दोन लूम एकाच दिवशी बसले. आणि महिनाअखेरीला २९ आणि ३० तारखेला जे झालं ते असं की काठाची शिलाई बाकी असलेले बंडल रजिस्टरला तयार म्हणून चढले, चेकिंगवाल्याने डोळे मिटले, गाडी भरली, आणि डिस्पॅचच्या कागदावर सही माझी आहे. टेबलावर मनोरा ठेवून माप जमिनीपासून घेतलं आम्ही, सरळ सरळ. इन्सेंटिव्ह मिळालं. पंधरा दिवसांत परभणीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, काठ उसवतायत, निम्मा माल परत. जाणं-येणं भाडं आपलं. ते भाडं आणि इन्सेंटिव्ह मिळून ३८,३५० च्या वर गेलं असं आप्पांनी भर मीटिंगमध्ये बोट मोजून सांगितलं, कारण त्यांना तो आकडा पाठ होता.

मला स्वतःची लाज वाटली म्हणून रात्री बसून जरा वाचलं की हे असं जगात इतरत्र होतं का आपणच बावळट. होतं, आणि फार मोठ्यांचं होतं. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने ठरवलं होतं की प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेची आठ प्रॉडक्ट विकायची. आठ! आपल्या घरात बँकेचं एक पासबुक आणि एक एटीएम कार्ड असतं. खाली काय झालं तर कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखोंनी खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड बसला आणि तोपर्यंत सुमारे ५,३०० कर्मचारी काढलेले होते. सरांच्या स्लाइडमध्ये ही गोष्ट का नव्हती ते कळतं, ही सांगितली तर पुढची बॅच कोण बुक करेल.

अजून एक सापडलं, ते तर शेठला प्रिंट काढून द्यावंसं वाटलं (दिलं नाही). सिटकिन आणि त्यांच्या साथीदारांनी २०११ मध्ये लिहिलंय की अशी अचाट टार्गेटं झेपतात कोणाला, तर ज्यांचं नुकतंच चांगलं चाललंय आणि ज्यांच्या हाताशी थोडा जास्तीचा पैसा, माणसं, वेळ आहे त्यांना. आणि घेतो कोण? जो अडचणीत आहे तो. म्हणजे वर मी दुसऱ्या परिच्छेदात आमच्या गेल्या वर्षाचं लिहिलंय ना, दाण्याचे भाव आणि पडलेला माल, तेच. उपाशी माणसाला मॅरेथॉनला उतरवायचं. लॉक आणि लॅथम हे टार्गेटवरच्या संशोधनातले जुने लोक, त्यांचं म्हणणं की नेमकं आणि अवघड टार्गेट हे “जमेल तितकं करा” पेक्षा चांगलं काम करून घेतं, हे अनेक प्रयोगांत दिसलंय, पण त्याला अटी आहेत, माणसाला ते काम येत असलं पाहिजे, टार्गेट त्याला मान्य असलं पाहिजे, आणि कितपत जमतंय हे त्याला मध्ये मध्ये कळत राहिलं पाहिजे. आमच्या बोर्डाने यातलं फक्त अवघड हे घेतलं.

तर मग तीन स्टार कशाचे? जास्त करून टोयोटावाल्या गोष्टीचे, खरंच.

परत आलेल्या मालाच्या भानगडीनंतर शेठ जरा नरम होते, तेव्हा आप्पा आणि मी गेलो आणि म्हटलं आम्हाला एकच गोष्ट द्या, रंगबदल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चटईची नळी एक्स्ट्रुडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या मशीनमधून निघते, लालवरून पिवळा घ्यायचा तर आतला लाल पूर्ण निघेपर्यंत मशीन नुसतं भंगार ओकत राहतं, ना लाल ना पिवळं, आणि ते सगळं वेस्टेजमध्ये. वर डाय खोलून साफ करणं, रंगाचं मिश्रण मोजणं, शोधणं (शोधण्यातच वीस मिनिटं), सत्तर मिनिटं आरामात. आम्ही म्हटलं हे पंधरा मिनिटांवर आणायचं बघतो, पण तीन अटी. इन्सेंटिव्ह नको याला. जमलं नाही तर कोणाला बोलायचं नाही. आणि एक जादा डाय द्या. शेठ पहिल्या दोन अटींना लगेच हो म्हणाले, फुकट होत्या ना. डायला तीन आठवडे लागले, पण आला.

आणि मग जे झालं त्यात सरांचा वाटा आहे हे मान्य करायलाच पाहिजे. भिंतीवर दोन रकाने केले, मशीन बंद असताना आणि मशीन चालू असताना, अगदी शिंगोंसारखे, आणि पोरांनाच खडूने लिहायला लावलं. डाय आधीच साफ करून गरम ठेवणं, गेलं दुसऱ्या रकान्यात. मिश्रण आदल्या शिफ्टने मोजून डब्यात, डब्यावर चिठ्ठी, दुसऱ्या रकान्यात. पाने (स्पॅनर) कुठे ठेवायचे, तर मशीनच्याच अंगावर. सगळ्यात भारी आयडिया बिहारच्या एका हेल्पर पोराने दिली, जो कधी मीटिंगला बोलवलाच जात नाही. तो म्हणाला भैया, पहले हलका रंग चलाओ फिर गहरा, पिवळा मग केशरी मग लाल मग मरून मग काळा, मग मध्ये साफ करायला माल कमी जातो, आणि मोठी सफाई आठवड्यातून एकदाच, काळ्यानंतर. एकोणीस वर्षं आम्ही ऑर्डर जशी येईल तसा रंग लावत होतो हो! सेल्सवाल्यांनी जरा कुरकुर केली, काही ऑर्डरी दोन दिवस मागे-पुढे झाल्या, ते चालतं म्हणाले व्यापारी.

सत्तरवरून आधी पन्नास, मग पस्तीस, मग बरेच दिवस पस्तीसलाच अडकलो. तिथे आप्पा वैतागले, जुन्या टार्गेटसारखं असतं तर तिथेच कोणीतरी घड्याळ मागे केलं असतं. पण इन्सेंटिव्ह नव्हतं म्हणून खोटं लिहायला कोणाला कारण नव्हतं, तो पस्तीसचा आकडा दोन आठवडे भिंतीवर तसाच राहिला. मग जादा डाय आला आणि एकदम पंचविसाच्या खाली गेलो. वेस्टेज एका रंगबदलाला अठरा किलोच्या आसपास असायचं ते सात-आठवर आलंय. हे मी स्वतः काट्यावर मोजलंय.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. मालकाने स्वतः दोन्ही दिवस पूर्ण बसायचं असेल तरच टीम पाठवा, नाहीतर टीमला अर्धं कळतं आणि मालकाला दुसरंच अर्धं. वसुली-सेल्सवाल्यांसाठी हे वर्कशॉप मला धोक्याचं वाटतं, त्यांचं टार्गेट आधीच गळ्यापर्यंत असतं. जिथे काम मोजता येतं, सुधारायला जागा दिसते आणि चुकलं तर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडत नाही, तिथे उपयोग होईल. वर्कबुक मराठीत द्या असं मी फीडबॅकमध्ये लिहिलं, उत्तर नाही. नंतरचे तीन फॉलोअप कॉल पॅकेजमध्ये धरलेले होते, एक आला, त्यात पण निम्मा वेळ ॲडव्हान्स कोर्सची माहिती. तो १४,००० चा आहे. पार्किंग भरपूर आहे, सावली नाही, बाईक नेली तर सीटवर काहीतरी टाका.

शेठ ॲडव्हान्सला पाठवायचं म्हणत होते. आप्पा म्हणाले तेवढ्यात अजून एक डाय येतो. विषय सध्या तिथे थांबलाय. भिंतीवर काल बावीस मिनिटं लिहिली होती, आज सकाळी एकतीस, कारण लाइट गेली आणि डाय गार पडला, आणि त्या एकतीसच्या पुढे पोराने खडूने “लाइट” असं लिहून ठेवलंय.